पावतीवर नाव, फलकावर नाही : एका आधारगृहाच्या देणगीदार-यादीचं प्रकरण

या प्रकरणातल्या कुणाचीही ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय आणि रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत. मी या संस्थेची विश्वस्त नाही. छोट्या ट्रस्टचे हिशेब आणि कागदपत्रं लावून द्यायचं काम करते, आणि या प्रकरणात पहिल्या दिवसापासून होते. आयकराच्या कलमांचे आकडे आयकर अधिनियम, १९६१ चे आहेत, कारण हे सगळं घडलं तेव्हा तोच लागू होता. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात ही संस्था एक आधारगृह चालवते. नवऱ्याच्या किंवा सासरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायका आणि त्यांची मुलं तिथं काही महिने राहतात, कुणी वर्ष-दीड वर्षही. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे आणि आयकराची ८०जी मान्यता, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळते ती, तिच्याकडे आहे. सरकारी अनुदान घेतलेलं नाही. इमारतीखालची जागा मात्र नगरपालिकेची, नाममात्र भाड्यानं मिळालेली. ही जागेची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

संस्था सुरू करणाऱ्या बाईंना सगळं गाव काकू म्हणतं. हिशेब भाऊ बघतात. कार्बन घातलेलं पावती पुस्तक, त्याच्या स्थळप्रती, स्टीलच्या कपाटात वर्षवार लावलेल्या फायली, असा त्यांचा कारभार. २०२३-२४ मध्ये देणग्या आल्या १४ लाख २० हजार. नोंदलेले देणगीदार १४३.

दर वर्षी वर्धापनदिनाला अहवाल छापायचा आणि त्यात शेवटची पानं ‘आमचे देणगीदार’ म्हणून द्यायची, ही जुनी पद्धत. नाव, गाव, रक्कम. माणसं अहवाल हातात पडला की आधी ती पानं उघडतात, स्वतःचं नाव शोधतात, शेजाऱ्यानं किती दिले तेही बघतात. यात वाईट काही नाही. गावात देणग्या अशाच वाढतात. पण या प्रकरणाच्या तीन वर्षं आधी संस्थेची वेबसाइट झाली आणि अहवालाची पीडीएफ तिच्यावर चढू लागली. पाचशे प्रतींचा अहवाल आणि जगात कुठूनही नावानं शोधता येणारा अहवाल यांतला फरक तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही. माझ्याही नाही. त्या तिन्ही पीडीएफचं शुद्धलेखन मी स्वतः तपासलं होतं.

प्रश्न कसा उभा राहिला

मार्च २०२४ मध्ये काकूंना एका शिक्षिकेचा फोन आला. या बाई पंधराएक वर्षांपूर्वी स्वतः आधारगृहात राहिल्या होत्या. तिथंच राहून डी.एड. पूर्ण केलं, नोकरी लागली, पुढे दुसरं लग्न झालं. नवऱ्याला जुनी हकीकत ठाऊक आहे, सासरच्या बाकी कुणाला नाही. आदल्या वर्षी त्यांनी प्रथमच ५१ हजार रुपये पगाराच्या खात्यातून पाठवले होते. भाऊंनी नेहमीप्रमाणे पावती केली आणि नेहमीप्रमाणे नाव अहवालात गेलं.

झालं असं, की जावेच्या मुलीनं कुठल्याशा स्पर्धेच्या निमित्तानं या शिक्षिकेचं नाव मोबाइलवर शोधलं आणि पहिल्याच पानावर या संस्थेचा अहवाल आला. नाव, गाव, ५१ हजार. “तिथं एवढे पैसे का दिले?” असा प्रश्न घरात निघाला. बाईंनी “शाळेच्या स्टाफनं मिळून दिले, माझ्या खात्यातून गेले” असं सांगून वेळ मारून नेली.

फोनवर त्या काकूंना म्हणाल्या, “काकू, पैसे याही वर्षी देणार. पण माझं नाव कुठंच नको. नाहीतर मी रोख घेऊन येते आणि पेटीत टाकते, तुम्ही गुप्तदान म्हणून लिहा.”

काकू लगेच हो म्हणाल्या. त्यांच्या पिढीला गुप्तदान म्हणजे पुण्याची गोष्ट, या हाताचं त्या हाताला कळू नये अशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सहज विचारलं, “एवढं लिहायला काही हरकत नाही ना?” मी जमेची वही मागवली, आणि तिच्यात ‘एक हितचिंतक’ अशा नोंदी रांगेनं दिसायला लागल्या. वर्षभरात २ लाख ३६ हजार रुपये ‘एक हितचिंतक’ या नावावर जमा होते. कुणी म्हणालं नाव नको, की भाऊ तसं लिहायचे. एका बाईच्या विनंतीतून दोन वेगळे प्रश्न समोर आले : तिचं नाव झाकायचं कसं, आणि ज्यांची नावं आपण वहीतूनच गाळून टाकली त्यांचं काय करायचं.

कायदा काय मागतो आणि काय झाकतो

आयकर कायद्यातली ‘अनामिक देणगी’ आणि आपल्या बोलण्यातलं गुप्तदान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सगळा घोटाळा इथंच होतो. कलम ११५बीबीसी म्हणतं, की देणगी देणाऱ्याचं नाव आणि पत्ता यांची नोंद ज्या संस्थेनं ठेवलेली नाही, तिच्याकडची ती देणगी अनामिक. जगाला नाव कळलं की नाही याच्याशी त्या कलमाला घेणंदेणं नाही. संस्थेच्या दप्तरात नाव असेल आणि बाहेर कुठेही नसेल, तर कायद्याच्या लेखी ती देणगी अनामिक नाहीच.

अनामिक देणग्यांवर ३० टक्के कर आहे. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतली जी रक्कम जास्त असेल तेवढी सूट. निव्वळ धार्मिक संस्थांना हे कलम लागू नाही, म्हणून देवळाच्या दानपेटीचा दाखला इथं चालत नाही. आमच्या संस्थेच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे ७१ हजार, तेव्हा सूट १ लाखाची. उरले १ लाख ३६ हजार. त्यावर कर ४० हजार ८००, वर ४ टक्के उपकर धरून ४२ हजार ४३२. आधारगृहाचा महिन्याचा किराणा आणि भाजीपाला यात निघतो.

दुसरी गोष्ट फॉर्म १०बीडी. २०२१-२२ च्या देणग्यांपासून ८०जी मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेला हे विवरण ३१ मेच्या आत भरावं लागतं. त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, रक्कम, पैसे कसे आले ते, आणि एक ओळख क्रमांक : पॅन किंवा आधार, ते नसतील तर पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका. ते भरलं की १०बीई नावाचं प्रमाणपत्र निघतं आणि ते देणगीदाराला द्यावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. भरलंच नाही तर १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड.

मग ही माहिती सरकारकडे गेल्यावर तिला संरक्षण काय? आयकर खात्याकडची माहिती कुणालाही मागून मिळत नाही. ती कुणाला आणि कशासाठी देता येते हे कलम १३८ मध्ये आखून दिलं आहे, आणि ते मोडून माहिती फोडणाऱ्या सरकारी नोकराला कलम २८० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे या बाजूला कुलूप बऱ्यापैकी मजबूत आहे. पण संस्थेनं स्वतः यादी छापू नये, असं सांगणारं साधं सरळ कलम मला आपल्या धर्मादाय कायद्यात दाखवता आलं नाही. संस्थेचे वकील हे ऐकून म्हणाले, अमेरिकेत निदान तेवढं लिहून ठेवलंय. तिथल्या करमुक्त संस्थांचं वार्षिक विवरण लोकांना पाहायला खुलं असतं, पण सार्वजनिक धर्मादाय संस्थांच्या विवरणातली देणगीदारांची नावं आणि पत्ते त्यातून वगळलेले असतात. त्यामागे मोठी लढाई आहे. अलाबामा राज्यानं १९५० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीकडे सदस्यांची यादी मागितली. संस्थेनं १ लाख डॉलरचा दंड पत्करला पण यादी दिली नाही, आणि १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं संस्थेची बाजू उचलून धरली. पुढे कॅलिफोर्नियात मोठ्या देणगीदारांची यादी दर वर्षी राज्याकडे द्यायची सक्ती होती. ती गोपनीय राहील असं सांगितलं जात असताना जवळजवळ १,८०० याद्या राज्याच्याच संकेतस्थळावर उघड्या पडलेल्या सापडल्या. १ जुलै २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी ती सक्ती रद्द झाली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला खरा, पण देणगीदारापर्यंत तो पोचवायचं काम बऱ्याच अंशी संस्थेच्या दप्तरावरच सोडलेलं आहे.

समोर असलेले पर्याय

काकूंच्या घरी बैठक झाली. पहिला पर्याय शिक्षिकेनंच सुचवलेला : रोख आणून पेटीत. दिसायला सोपा. पण पैसे कुणाचे हे आम्हाला माहीत असताना नोंद मात्र ‘माहीत नाही’ अशी करायची, म्हणजे वही खोटी झाली. शिवाय रोख आली की तिच्या बाजूनंही काही पुरावा उरत नाही.

दुसरा पर्याय एका विश्वस्तांचा : पावती तिच्या आईच्या नावानं फाडा. भावना चांगली होती. तरी आईनं न दिलेले पैसे आईच्या पॅनवर दाखवायचे म्हणजे सरकारला खोटं विवरण द्यायचं. हितचिंतकांच्या २ लाख ३६ हजारांसाठीही बैठकीत तोच सूर निघाला, “कुणाचीही नावं टाका, कोण बघतंय!” तिथं भाऊ पहिल्यांदा बोलले. “बावीस वर्षांत खोटी पावती फाडली नाही,” एवढंच म्हणाले. विषय तिथंच संपला.

तिसरा : या वर्षी तिची देणगी घ्यायचीच नाही. काकूंनी हा पर्याय ऐकूनही घेतला नाही, आणि मला ते पटलं. जिथं आपल्याला आसरा मिळाला तिथं परत काही द्यावं, ही तिची इच्छा होती. आमचं दप्तर गबाळं, म्हणून तिनं ती मारायची?

चौथा पर्याय स्वीकारला. देणगी तिच्या नावानं, बँकेतून. दप्तरात नाव, पत्ता, पॅन पूर्ण. १०बीडीत जायचं तसं जाईल. आणि त्यापलीकडे नाव बाहेर पडायच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या एकेक करून बंद करायच्या.

काय केलं

वाटा मोजायला बसलो तेव्हा त्या वाटल्या त्यापेक्षा जास्त निघाल्या. अहवाल, वेबसाइट आणि जिन्यातला संगमरवरी फलक तर होतेच. त्याशिवाय १०बीईचं प्रमाणपत्र पोस्टानं घरी जायचं, आणि पाकिटावर डाव्या कोपऱ्यात संस्थेचं नाव ठसठशीत छापलेलं. सासूच्या हातात ते पाकीट पडलं की पुढचं सांगायला नको. तिच्यासाठी ठरलं की प्रमाणपत्र ती स्वतः येऊन नेईल.

आणखी एक वाट तिच्याच घरात होती. घरातल्या सगळ्यांची आयकर विवरणपत्रं दीर भरतात. ८०जीची वजावट मागितली, की विवरणात संस्थेचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम लिहावी लागते. मी तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “ताई, मी नव्या करपद्धतीत आहे.” नव्या करपद्धतीत ८०जीची वजावट मुळात मिळतच नाही, तेव्हा गमावण्यासारखं काही नव्हतं. पण ती जुन्या पद्धतीत असती, तर नाव झाकायचं की कर वाचवायचा यातलं एकच तिला निवडावं लागलं असतं. वजावट नको म्हणून १०बीडीतूनही नाव वगळा, असं काकूंनी एकदा विचारलं. सीएंनी नकार दिला : विवरण संस्थेला मिळालेल्या देणग्यांचं आहे, वजावट मागणाऱ्यांचं नाही.

वेबसाइटवरच्या तिन्ही पीडीएफ उतरवल्या, देणगीदारांची पानं काढून पुन्हा चढवल्या. शोधयंत्रांतून जुन्या प्रती निघायला वेळ लागला.

‘एक हितचिंतक’च्या नोंदींसाठी भाऊ आणि मी तीन रविवार पावत्यांच्या स्थळप्रती आणि बँकेची पानं घेऊन बसलो. दिसलं ते असं : वहीत जरी ‘हितचिंतक’ लिहिलं असलं तरी बऱ्याच स्थळप्रतींवर मागच्या बाजूला पेन्सिलीनं खरं नाव आणि पत्ता होता. भाऊंनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेला. १ लाख ६२ हजारांची नावं अशी सापडली. प्रत्येकाला फोन करून खात्री केली, ओळख क्रमांक घेतले, आणि नाव बाहेर जाणार नाही असं लेखी दिलं. उरले ७४ हजार, ते खरोखरच पेटीतले. मर्यादा १ लाखाची, म्हणून कर लागला नाही. भाऊंच्या त्या पेन्सिलीच्या अक्षरांनी संस्थेचे ४२ हजार वाचवले.

ग्रुपवर गेलेली फाइल

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. मग २७ मेच्या संध्याकाळी मुदतीच्या घाईत संस्थेतल्या एका नव्या मुलानं १०बीडीसाठी केलेली एक्सेल फाइल ‘देणगीदार परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘कृपया आपापले नाव व पॅन तपासावे.’ १४३ ओळी. नाव, पत्ता, पॅन, रक्कम. शिक्षिका एकशे सातव्या ओळीत.

बावीस मिनिटांनी माझं लक्ष गेलं. मी फोन केला, त्यानं फाइल सगळ्यांसाठी पुसली. पोरगा रडकुंडीला आला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की या फाइलमध्ये असं काय आहे. चूक त्याची कमी, आमची जास्त.

त्या रात्रीचा प्रश्न या प्रकरणातला सगळ्यात अवघड होता : देणगीदारांना सांगायचं की गप्प बसायचं? दोन विश्वस्तांचं मत गप्प बसावं असं होतं. बावीस मिनिटांत कोण उघडतंय, उगाच घबराट कशाला, पुढच्या वर्षी देणग्या आटतील. त्यांची भीती खोटी नव्हती. संस्था त्या पैशांवरच चालते. पण फाइल एकदा कुणाच्या मोबाइलवर उतरली की ग्रुपवरून पुसून ती जात नाही, आणि पॅन-पत्त्यासकट यादी बाहेर गेली आहे हे ज्याचं त्याला ठाऊक असलं पाहिजे. काकूंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी नऊ वाजता स्वतः फोन घेऊन बसल्या. तीन दिवसांत १४३ जणांना फोन झाले. बहुतेकांनी “असू द्या हो काकू” म्हटलं. चौघे रागावले, त्यातल्या एकानं देणगी बंद केली.

शिक्षिकेला फोन केला तेव्हा मी शेजारी बसले होते. स्पीकर सुरू होता. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग तिनं विचारलं, “माझ्या नावापुढे गाव होतं का?”

काकू म्हणाल्या, “होतं गं.”

ग्रुपमध्ये तिच्याच शाळेतले एक सर होते.

माहिती अधिकाराचा अर्ज

सप्टेंबरात दुसरीकडून प्रसंग आला. आधारगृहात राहणाऱ्या एका बाईच्या नवऱ्यानं संस्थेकडे माहिती अधिकारात अर्ज केला : गेल्या पाच वर्षांतल्या सर्व देणगीदारांची नावं, पत्ते, रकमा. “कोणाच्या पैशावर माझा संसार मोडताय ते बघतो,” असं तो याआधी फाटकावर येऊन ओरडून गेला होता. तसाच अर्ज त्यानं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातही दिला.

विश्वस्तांची पहिली प्रतिक्रिया अशी, की आम्ही सरकारी नाही, उत्तर द्यायची गरजच काय. वकिलांनी थांबवलं. सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी खासगी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते, आणि डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की सरकारनं फुकट किंवा मोठ्या सवलतीत दिलेली जमीनही त्यात मोजली जाऊ शकते. आमची जागा नगरपालिकेची. म्हणून उत्तर दोन पायांवर उभं केलं : आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही, आणि असतो तरी ही माहिती देता आली नसती.

धर्मादाय कार्यालयाकडून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ची, त्रयस्थाचं म्हणणं मागवणारी नोटीस आली तेव्हा आम्हाला खरा धक्का बसला. कार्यालयाकडे आमची यादी मुळात होतीच कशी? हिशेबपत्रकांत देणग्यांची एकूण रक्कम जाते, नावं नाहीत. फायली काढल्या तर आधीच्या सीएंनी दोन वर्षं लेखापरीक्षण अहवालाला देणगीदारांची पूर्ण यादी जोडली होती. कुणी मागितली नव्हती. काम पक्कं दिसावं म्हणून जोडलेली.

त्रयस्थ पक्ष म्हणून म्हणणं मांडायला दहा दिवस होते. वकिलांनी तीन मुद्दे घेतले. कलम ८(१)(जे) : ही व्यक्तिगत माहिती आहे, आणि गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयकर विवरणाचा तपशीलसुद्धा व्यक्तिगत ठरवला आहे. कलम ८(१)(जी) : जी माहिती उघड केल्यानं कुणाच्या जिवाला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होईल ती. अर्जदारानं फाटकावर घातलेल्या गोंधळाची पोलिसांतली नोंद सोबत लावली. आणि तिसरा मुद्दा माझ्या मते निर्णायक ठरला : एकूण देणग्या किती, खर्च कशावर, विश्वस्तांना काय दिलं, हे सगळं खुशाल द्या, आमची हरकत नाही. संस्थेनं हिशेब लपवू नये, तो तिला अधिकारच नाही. झाकायची ती फक्त माणसं.

अर्जदारानं उत्तरात निवडणूक रोख्यांचा निकाल पुढे केला. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रोखे रद्द केले, पक्षांना पैसे देणाऱ्यांची नावं देशासमोर आली, मग यांची का नाही? प्रश्न बिनतोड वाटतो आणि तो सरळपणे घ्यायला हवा. त्या निकालाचा पाया मतदाराचा जाणण्याचा हक्क हा आहे : पक्ष सत्तेत येतो, धोरणं ठरवतो, पैशाच्या बदल्यात काही दिलं-घेतलं जातं का हे मतदाराला कळायला हवं. राजकीय निष्ठेची गोपनीयता न्यायालयानं तिथंही नाकारली नाही. धोरण वाकवण्यासाठी दिलेल्या पैशाला तिचं संरक्षण नाही, असं म्हटलं. आधारगृहाला ५१ हजार देणाऱ्या शिक्षिकेच्या हातात कुठलं धोरण आहे?

निष्पत्ती

माहिती अधिकाऱ्यांनी हिशेबपत्रकं दिली, याद्या नाकारल्या. पहिलं अपीलही फेटाळलं गेलं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे आहे आणि हे लिहीपर्यंत सुनावणी झालेली नाही. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं केलेली दुरुस्ती लागू झाली आणि कलम ८(१)(जे) पूर्वीपेक्षा फार व्यापक झालं. आमच्या अपिलाला त्याचा कदाचित फायदा होईल. तरी मला ही दुरुस्ती आवडलेली नाही. जुन्या शब्दांतही ही यादी वाचत होती, आणि नव्या शब्दांआड जे झाकायला नको तेही झाकलं जाण्याची भीती आहे. सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची कलम ८(२)ची वाट उरली आहे, एवढंच.

शिक्षिकेच्या घरी काही झालं नाही. शाळेतल्या त्या सरांनी विषय कधी काढला नाही. २०२४-२५ मध्ये मात्र तिचे पैसे आले नाहीत. काकूंनी फोन केला नाही, आणि तो न करणंच बरोबर होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पावतीवर एक चौकट हवी होती : ‘नाव प्रसिद्ध करावे / करू नये’. छपाईचा जादा खर्च शून्य. आता ती आहे, आणि खूण केलेली नसेल तर ‘करू नये’ असंच धरतो. पहिल्या वर्षी दर चारांतल्या एका देणगीदारानं ‘करू नये’वर खूण केली, त्यात गावातले दोन बडे व्यापारीही होते. त्यांचंही मन असंच असेल हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

सीएंनी काय दाखल केलं ते विश्वस्तांनी सहीपूर्वी पान न् पान वाचायला हवं होतं. सही सगळे करतात, जोडपत्रं कुणी उघडत नाही.

फोन रात्रीच करायला हवे होते. निदान शिक्षिकेला. रात्री आठला कळलं असतं तर तिला मनाची तयारी तरी करता आली असती. नव्या माहिती संरक्षण कायद्याची मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू होतील तेव्हा अशी फुटलेली माहिती बाधित माणसांना आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवणं बंधनकारक होईल. आमच्यासारख्या संस्थांनी तोवर थांबायचं कारण नाही.

आणि १०बीडीची फाइल आता एकाच संगणकावर, पासवर्डखाली असते. तपासायला पाठवायची तर ज्याची त्याला, एकेक ओळ. भाऊंना हे वेळखाऊ वाटतं, तरी करतात. देणगीदारांची कागदपत्रं आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षं जपून ठेवायचा नियम आहे, म्हणजे २०२३-२४ ची फाइल ३१ मार्च २०३५ पर्यंत त्या स्टीलच्या कपाटात राहणार. किल्ल्या दोन. एक काकूंकडे, एक भाऊंकडे. काकू आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्यानंतर ती किल्ली कुणाकडे जायची हे विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतलं आहे.